‘जे’ म्हणजे खाली, मग ‘र’ म्हणजे काय?

आमच्याकडे पाहुणे आले आणि कोणाला ‘जरा गाडीची वेळ बघू’ म्हणून माझ्या लॅपटॉपवर बसवलं, की दोन मिनिटांत हाक येते, “अगं, तुझा ब्राउझर बिघडलाय!” बिघडलेला नसतो, तो तसाच असतो. वर पत्त्याची पट्टी नाही, मागे-पुढे जायचे बाण नाहीत, बटणं नाहीत. टॅबची एक ओळ, खाली वेब पान आणि तळाशी एक बारीकशी पट्टी, बस्स. जे दाबलं की पान खाली सरकतं, के दाबलं की वर. एफ दाबलं की पानावरच्या प्रत्येक दुव्यावर एकदोन अक्षरांची चिठ्ठी चिकटते. त्या चिठ्ठीवरची अक्षरं दाबायची, दुवा उघडतो. माऊसला हात लावायचाच नाही.

आत्या, हे सगळं तुझ्यासाठी समजावून सांगतेय. बाकीच्या ब्लॉगवाल्या मंडळींपैकी निम्म्यांना हे माहीत असेल आणि उरलेल्यांना त्यात रस नसेल :-)

मी याकडे वळले ती हौसेनं नव्हे. दिवसभर भाषांतराचं काम, समोर दोन खिडक्या, एकीत मूळ मजकूर आणि दुसरीत मराठी. माऊसपाशी जा, परत कळफलकावर या, असं दिवसातून किती वेळा होत असेल देव जाणे. उजव्या मनगटातून कळ यायला लागली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माऊस कमी करा. (मराठीत कळफलकाच्या बटणालाही कळ आणि दुखण्यालाही कळ. ज्यानं हा शब्द घडवला त्याला मनगटाचा अनुभव असणार.) तेव्हापासून हे असले ब्राउझर वापरतेय. मनगट बरं झालं, सवय राहिली.

पण या ब्राउझरची खरी गंमत त्यातल्या कळांमध्ये नाही. कुठली कळ काय करेल हे आपल्याला ठरवता येतं, आणि ते एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहून ठेवता येतं, ही गंमत आहे. ही फाईल माणसागणिक वेगळी असते. लोक ती वर्षानुवर्षं जपतात, एका संगणकावरून दुसऱ्यावर नेतात, लोणच्याच्या बरणीसारखी. माझी फाईल नीट करायला बसले तेव्हा पहिलाच प्रश्न पडला: मुळात ‘जे’ म्हणजे खाली, हे ठरवलं कोणी?

उत्तर शोधत मागे गेलं की आपण १९७६ साली अमेरिकेत पोचतो. लिअर सीग्लर नावाची कंपनी होती, तिनं त्या वर्षी एडीएम-३ए नावाचं टर्मिनल बाजारात आणलं. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक. विचार करणारा संगणक लांब कुठेतरी. या टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या चार कळांवरच बाण छापलेले होते: डावीकडे, खाली, वर, उजवीकडे. कंट्रोल दाबून त्या दाबल्या की कर्सर हलायचा. तेही कोणी लहर लागली म्हणून ठरवलेलं नाही. अक्षरांच्या जुन्या संकेतावलीत कंट्रोल-एच म्हणजे एक अक्षर मागे आणि कंट्रोल-जे म्हणजे पुढची ओळ, हे टेलिप्रिंटरच्या काळापासून चालत आलेलं. पुढची ओळ म्हणजे खाली. म्हणून ‘जे’ खाली!

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बिल जॉय नावाचा विद्यार्थी होता. हाच पुढे सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांपैकी एक झाला. त्यानं १९७६ च्या सुमारास व्हीआय हा मजकूर संपादक लिहिला आणि तो लिहिताना त्याच्यासमोर होतं हेच एडीएम-३ए. बाण जिथे छापलेले होते तीच अक्षरं त्यानं वापरली, फक्त कंट्रोल दाबायची गरज काढून टाकली. ती काढता आली, कारण व्हीआयला दोन अवस्था आहेत. एका अवस्थेत अक्षर दाबलं की अक्षर उमटतं, दुसऱ्या अवस्थेत अक्षर दाबलं की ती आज्ञा असते. एस्केप दाबलं की पहिलीतून दुसरीत.

ही दोन अवस्थांची भानगड नव्यानं बघणाऱ्याला विचित्र वाटते. पण त्या काळचा हिशोब बघा. बिल जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा. म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. पडदा ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळींचा, म्हणजे एकूण १९२० अक्षरं. पूर्ण पडदा एकदा नव्यानं रंगवायला मिनिटभराच्या वर! अशा वेळी आज्ञा जितकी लहान तितकी बरी. एका अक्षरात शब्द पुसला जात असेल तर तीन अक्षरं कोण लिहील? ज्यांनी मनीऑर्डरच्या फॉर्मवरच्या इवल्याशा जागेत ‘सर्व क्षेम, पैसे पोचल्याचे कळवणे’ असं लिहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

या एका टर्मिनलनं आपल्याला आणखी काय काय दिलंय याची यादी केली तर हसू येईल. त्यावर एस्केपची कळ आजच्या टॅबच्या जागी होती, क्यूच्या डावीकडे, करंगळीच्या टप्प्यात. म्हणून बिल जॉयला दर मिनिटाला एस्केप मारणं जड गेलं नाही. पुढे आयबीएमच्या धर्तीचे कळफलक आले आणि एस्केप पार डाव्या कोपऱ्यात वर गेली. आज्ञा द्यायला व्हीआयमध्ये आधी अपूर्णविराम, म्हणजे : हे चिन्ह लागतं. एडीएम-३ए वर ते शिफ्टशिवाय उमटायचं, आपल्या कळफलकावर शिफ्ट लागते. आणि युनिक्सवाले स्वतःच्या घरच्या फोल्डरला ~ या चिन्हानं ओळखतात, कारण त्या टर्मिनलवर ‘होम’ हा शब्द त्याच कळेवर छापलेला होता. टर्मिनल भंगारात गेलं, बोटांच्या सवयी राहिल्या. आज कुणाचीही अशी फाईल उघडा, पहिल्या चार ओळींत अर्धविरामाला अपूर्णविरामाचं काम दिलेलं असतं आणि एस्केपला जवळ आणलेलं असतं. म्हणजे हे लोक नवीन काही करत नसतात. पन्नास वर्षांपूर्वीचा कळफलक परत मिळवत असतात, बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

व्हीआयचा वारसा पुढे ब्राम मोलेनार या डच माणसानं चालवला. त्याच्या व्हिम या संपादकाची पहिली जाहीर आवृत्ती १९९१ सालची, तीही अमिगा संगणकासाठी. तो २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेला. तोवर तीस-बत्तीस वर्षं त्यानं हे एक काम सांभाळलं. व्हिममध्ये कळा बदलण्याची सोय फारच बारकाईनं केलेली आहे. त्यातला एक तपशील मला आवडतो. ‘मॅप’ म्हणून तुम्ही जे ला के चं काम दिलंत आणि के ला जे चं, तर व्हिम जे चा अर्थ के लावतो, मग त्या के चा अर्थ जे, मग पुन्हा के... दोघं लखनवी नवाब दारात उभे, पहले आप, पहले आप. म्हणून दुसरी आज्ञा आहे ‘नोरीमॅप’: अर्थ एकदाच लाव, पुढे विचारत बसू नकोस.

आता वेबकडे. आपल्याला वाटतं ब्राउझर जन्मला तो माऊसबरोबरच. खरं तर १९९१ मध्ये सर्नमधून जगभर पसरलेला ब्राउझर होता लाइन मोड ब्राउझर. निकोला पेलो या विद्यार्थिनीनं तो लिहिला, कारण टिम बर्नर्स-ली यांचा मूळ ब्राउझर फक्त नेक्स्ट संगणकावर चालायचा आणि तो संगणक फारच थोड्यांकडे होता. लाइन मोड ब्राउझरमध्ये प्रत्येक दुव्यापुढे कंसात आकडा असायचा. आकडा लिहायचा, एंटर मारायचं. बघा, म्हणजे एफ दाबल्यावर माझ्या पडद्यावर ज्या चिठ्ठ्या चिकटतात, त्यांची आजी वेबच्या पहिल्याच वर्षात होती!

१९९२ मध्ये कॅन्सस विद्यापीठात लिंक्स हा ब्राउझर तयार झाला. तोही निव्वळ मजकुराचा, तोही कळफलकावर चालणारा. आणि त्याच्या मांडणीच्या फाईलमध्ये कळा बदलायची सोय आली. व्हीआयची सवय असेल तर एच-जे-के-एल चालू करा, ईमॅक्सची असेल तर त्याच्या कळा. अंध वापरकर्त्यांमध्ये लिंक्स बराच काळ टिकून राहिला याचं एक कारण हेच, की त्यात डोळ्यांनी नेम धरून काही करायचं नव्हतं.

मग १९९३ साली मोझेक आला, पानात चित्रं आली, आणि ब्राउझर म्हणजे टिचकी मारायची वस्तू झाली. पुढची दहाएक वर्षं कळफलकाची सोय म्हणजे सावत्र लेकरू. अपवाद ऑपेराचा. ऑपेरात झेड दाबलं की मागे, एक्स दाबलं की पुढे, १ आणि २ नं टॅब बदलायचे, आणि सगळं काही आपल्या मनासारखं बदलून ठेवता यायचं. ऑपेराचे भक्त आजही भेटतात, जुन्या इराण्याच्या हॉटेलाबद्दल बोलावं तसे बोलतात. २०१३ मध्ये ऑपेरानं स्वतःचं इंजिन सोडून क्रोमियमवर संसार मांडला, तेव्हा ही सोय त्या नव्या घरात आली नाही.

फायरफॉक्सच्या अंगणात मात्र वेगळंच काही चाललं होतं. शॉन बेट्स नावाच्या माणसानं आधी रॅटपॉइझन म्हणून एक खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम लिहिला होता. नावातच सगळं आलं, उंदीर मारायचं औषध! त्यानंच फायरफॉक्ससाठी कॉन्करर लिहिलं, ज्यात कळा ईमॅक्सच्या होत्या. त्याच धाग्यावरून मार्टिन स्टुबेनश्रॉट यानं २००७ मध्ये व्हिम्परेटर आणलं, व्हिमच्या कळांचं. दुव्यांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या, तळाशी आज्ञेची ओळ, आणि घरच्या फोल्डरमध्ये व्हिमच्या फाईलसारखीच एक फाईल. त्या फाईलीत ब्राउझरचं रूपडं बदलता यायचं, बटणं गायब करता यायची, कुठल्याही कळेला कुठलंही काम देता यायचं. २०१० च्या सुमारास त्यातून फुटून पेंटाडॅक्टिल निघालं. पेंटाडॅक्टिल म्हणजे पाच बोटांचा. मला हे नाव फार आवडायचं.

एक गंमत सांगते. तुमच्यापैकी ज्यांनी गूगल रीडरवर एकमेकांचे ब्लॉग वाचले आहेत (२००५ ते २०१३, आठवतं ना?), त्या सगळ्यांनी नकळत एडीएम-३ए वापरलेलं आहे. पुढच्या नोंदीसाठी जे, मागच्या नोंदीसाठी के! जीमेलमध्येही तेच. ज्यांनी उभ्या आयुष्यात व्हीआयचं नाव ऐकलं नव्हतं त्यांच्या बोटांना ‘जे म्हणजे पुढे’ हे पाठ झालं.

मग २०१७ आलं. फायरफॉक्सची जुनी जोडपत्रं ब्राउझरच्या थेट आतड्यांत हात घालू शकायची. व्हिम्परेटरची सगळी ताकद त्यातच होती. पण त्याच मोकळीकीमुळे ब्राउझरचं आतलं काही बदललं की जोडपत्रं मोडायची, ब्राउझरची कामं अनेक प्रक्रियांत वाटून देणं अवघड व्हायचं, आणि एखादं खोडसाळ जोडपत्र काहीही करू शकायचं. मोझिलानं २०१५ मध्येच सांगून ठेवलं होतं की हे बंद होणार. १४ नोव्हेंबर २०१७ ला फायरफॉक्स ५७ आलं आणि जुनी जोडपत्रं चालेनाशी झाली. व्हिम्परेटर गेलं, पेंटाडॅक्टिल गेलं. ज्यांना जमलं ते दीर्घ मुदतीच्या जुन्या आवृत्तीवर २०१८ पर्यंत तग धरून राहिले.

मोझिलाची कारणं खोटी नव्हती, हे मी तेव्हाही म्हणत होते. पण काय गेलं तेही नीट सांगायला हवं. त्यांच्या जागी ट्रायडॅक्टिल आलं, तीन बोटांचं. नावातच मान्य केलेलं की दोन बोटं कमी झाली आहेत! नव्या नियमांनुसार जोडपत्राचा हात पानापुरताच पोचतो. ब्राउझरची स्वतःची पानं, सेटिंगचं पान, जोडपत्रांच्या दुकानाचं पान, तिथे कळा चालत नाहीत. पान पूर्ण उघडेपर्यंत चालत नाहीत. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट: माझ्याच संगणकावरची, माझ्याच हातानं लिहिलेली फाईल वाचायची तर त्याला बाहेरचा एक वेगळा प्रोग्रॅम मदतीला घ्यावा लागतो. क्रोमवरच्या व्हिमियमला ही बंधनं पहिल्यापासूनच होती. त्याच्या कळा बदलायच्या तर त्याच्याच सेटिंगमधल्या एका चौकटीत ओळी लिहायच्या. त्या चौकटीत ‘अनमॅपऑल’ अशी एक आज्ञा चालते, सगळं पुसून पाटी कोरी करणारी. ती बघून मला पहिल्यांदा बरं वाटलं होतं.

दुसरा रस्ता म्हणजे दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये भाड्यानं न राहता स्वतःचा ब्राउझर बांधणं. स्वित्झर्लंडच्या फ्लोरियान ब्रुहिननं २०१३ च्या अखेरीस क्यूटब्राउझर लिहायला घेतला. पान दाखवायचं इंजिन तयार घेतलेलं, बाकी सगळा डोलारा पायथन भाषेत. २०१७ पासून त्याची मांडणीची फाईलसुद्धा पायथनची आहे, म्हणजे ‘अमुक असेल तर तमुक’ असंही लिहिता येतं. पाहुण्यांना बिघडलेला वाटतो तो हाच.

फाईल नेता येते म्हटलं तरी बोटं इतकी सहज नेता येत नाहीत. व्हिमियममध्ये डी म्हणजे अर्धं पान खाली. व्हिममध्ये कंट्रोल-डी तेच करतं, त्यावरून घेतलेलं. क्यूटब्राउझरमध्ये डी म्हणजे टॅब बंद, कारण व्हिममध्ये नुसतं डी म्हणजे पुसणं. दोघांचंही तर्कशास्त्र व्हिमचंच! एकाची सवय घेऊन दुसऱ्यात गेलेला माणूस लेख वाचता वाचता लेखच बंद करतो. मोठं जे क्यूटब्राउझरमध्ये पुढच्या टॅबवर नेतं, व्हिमियममध्ये मागच्या. दोन्ही वापरणाऱ्यानं एक काहीतरी ठरवून दोन्हीकडे लिहावं, दुसरा इलाज नाही.

आता माझ्या मूळ दुखण्याकडे येते.

मी मराठी इनस्क्रिप्टवर लिहिते. आपल्यापैकी बरेच जण बरहा किंवा गमभनच्या रस्त्यानं मराठीत आले, रोमन अक्षरांवरून. मी इनस्क्रिप्ट शिकले, कारण कामासाठी वेग हवा होता. हा कळफलक केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ मध्ये प्रमाण ठरवला आणि १९९१ च्या भारतीय मानकात तो आला. डाव्या हाताला काना, मात्रा, वेलांट्या, उजव्या हाताला व्यंजनं. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी.

आता असं समजा की मी पानावरच्या एका रकान्यात मराठी परिच्छेद लिहिला. एस्केप दाबलं. आता पान खाली सरकवायचं म्हणून जे दाबलं. काहीच होत नाही. कारण कळफलक अजून मराठीतच आहे, आणि त्या कळेवर जे नाही, र आहे. ब्राउझरला ‘र’ म्हणजे काय हे ठाऊक नाही. के च्या जागी क आहे, एवढा एक योगायोग. एच म्हणजे प, एल म्हणजे त. आज्ञा द्यायला : मारायला जावं तर छ! म्हणजे दर वेळी भाषा बदला, दोन पावलं चाला, भाषा बदला, लिहा. माऊस सोडून जे वाचवलं ते इथे पुन्हा भरलं.

यात ब्राउझरची लबाडी काही नाही. कळ दाबली की प्रोग्रॅमला दोन गोष्टी कळू शकतात: कोणतं अक्षर उमटलं आणि कोणत्या जागेची कळ दाबली गेली. बहुतेक प्रोग्रॅम अक्षर बघतात, आणि अमेरिकेत बसून लिहिणाऱ्याला या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे सुचायचं कारणच पडत नाही. रशियन लोकांना ते रोज भोगावं लागतं. त्यांच्या कळफलकावर जे च्या जागी त्यांचा ‘ओ’ आहे. ग्रीकांचंही तसंच. म्हणून व्हिममध्ये ‘लँगमॅप’ नावाची सोय आहे: आज्ञेच्या अवस्थेत हे अक्षर आलं तर ते समज. व्हिमच्या मदतपानात तिचं उदाहरण दिलंय ते ग्रीकचं. व्हिमियममध्ये आता ‘कळफलकाची मांडणी दुर्लक्षित करा’ अशी एक खूण करता येते, मग तो अक्षराऐवजी जागा बघतो. क्यूटब्राउझरमध्ये एका अक्षराला दुसऱ्याच्या जागी उभं करणारी यादी देता येते. मी ती दिली. र म्हणजे जे, क म्हणजे के, प म्हणजे एच, त म्हणजे एल. चार ओळी लिहून झाल्यावर र दाबला आणि पान खाली सरकलं. त्या दिवशी मी उगाचच एक लांबलचक पान वरून खालपर्यंत र, र, र करत वाचलं.

‘एवढ्याशा गोष्टीचं काय कौतुक’ असं कुणी म्हणेल (माझा धाकटा भाऊ म्हणालाच), त्याला एक दाखला देते. वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून डब्ल्यूथ्रीसी ही संस्था नियम करते. २०१८ च्या जूनमधल्या आवृत्तीत एक नवा नियम आला: पानावर एकाच अक्षराची कळ आज्ञा म्हणून ठेवली असेल, तर ती बंद करता आली पाहिजे, किंवा बदलता आली पाहिजे, किंवा त्या त्या घटकावर असतानाच चालली पाहिजे. का? तर हात चालत नाहीत म्हणून बोलून संगणक चालवणारी माणसं असतात. ती एक वाक्य बोलतात आणि त्यातलं एकेक अक्षर पानाला आज्ञा म्हणून लागतं. पत्र लिहिता लिहिता पत्रंच पुसली जातात. ज्या एका अक्षराच्या आज्ञेनं माझं मनगट वाचलं, तीच दुसऱ्याच्या मुळावर येते. नियम कुठली कळ चांगली ते सांगत नाही. ती बदलायचा हक्क वापरणाऱ्याचा, एवढंच सांगतो.

तर मी यादी पुढे वाढवायला घेतली आणि अडकले. एच-जे-के-एल या जागेच्या कळा आहेत. शेजारी शेजारी आहेत म्हणून त्यांना अर्थ आहे. त्या जागेवरून मराठीत आणल्या की झालं. पण डी, यू, ओ या आठवणीच्या कळा आहेत, इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून: डिलीट, अनडू, ओपन. त्या जागेवरून आणल्या तर यू च्या जागी ह येतो. ह वरून ‘परत आण’ कसं आठवायचं?

काही ठिकाणी नशिबानं साथ दिली. ओ च्या जागी द आहे. ‘दाखव’! डी च्या जागी तर हलन्त आहे. टॅब बंद करायचा म्हणजे त्याचा पाय मोडायचा. बिल जॉयला हे सुचलं नसतं. मोठ्या जे च्या जागी ऱ आहे, तोच आपला ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’तला, आणि ती कळ दुसऱ्या टॅबवर नेते. हे जमल्यावर मी घरभर सांगत फिरले होते, कोणी फारसं दाद देईना.

बाकीच्यांसाठी मी जागा सोडून अक्षर धरलं. म म्हणजे मागे. न म्हणजे नवा टॅब. सी आणि व्ही च्या त्या जागा, आणि दोन्ही डाव्या तर्जनीच्या टप्प्यात. पुढे जायला प हवा होता, पण प आधीच एच झालाय, म्हणजे डावीकडे. डावीकडे सरकायला मी वर्षातून दोनदा लागते, तेव्हा एच ला रजा दिली आणि प ला पुढे नेलं. शोधायला / लागतं, त्या जागी य आहे. ‘य’ वरून शोध? म्हणून शोधाला श, शिफ्ट धरून एम. तिथे मूळची खूण जपून ठेवायची आज्ञा होती. खुणेला ख दिला. तर ख म्हणजे मोठं के, तिथे आधीच मागच्या टॅबवर जायची सोय! मागच्या टॅबला म देऊ म्हटलं तर म वर ‘मागे’ बसलेलं. ही संगीतखुर्ची गेले कित्येक रविवार चाललीय.

फाईलही बघण्यासारखी झालीय. व्यंजनं नीट उभी आहेत, पण जिथे नुसती मात्रा किंवा वेलांटी लिहिलीय तिथे संपादक तिला एक ठिपक्यांचं वर्तुळ काढून देतो, बसायला जागा म्हणून. एफ म्हणजे पहिली वेलांटी, आर म्हणजे दुसरी. पानाच्या टोकाला जायचं तर जी दोनदा, म्हणजे दोन ऱ्हस्व उकार, एकावर एक, कुठल्याच अक्षराला न लागलेले. तळाला जायला मोठा जी, तो आपला सरळ उ.

‘मागच्या टॅब’ला सध्या थ दिलाय. थ वरून काही आठवत नाही, पण तिथे मोठ्या एलचं ‘पुढे’ होतं आणि ते प नं घेतल्यामुळे जागा रिकामी होती. ‘परत आण’ अजून ह वरच आहे. मामेबहीण म्हणते, ‘हरवलेलं’ म्हणून लक्षात ठेव.